भाग ४१ : टर्बो, रिमॅप आणि पंपाचं सील

बसमध्ये हेडफोन लावून उभे असाल, किंवा ऑफिसात बिल्ड पूर्ण व्हायची वाट बघत बसला असाल, तर पुढची वीसेक मिनिटं मला द्या.

आजचा विषय गाडी. मागच्या महिन्यात मी एका छोट्या टर्बो क्रॉसओव्हरची टेस्ट ड्राइव्ह घेतली. गंमत अशी की टेस्ट ड्राइव्हच्या आधीच मी तिचं रिमॅप कुठे करायचं ते ठरवून बसलो होतो. म्हणजे गाडी अजून शोरूमची, चावी सेल्समनच्या खिशात, आणि मी तिच्या इंजिनाच्या सॉफ्टवेअरवर ३५ हजार खर्च करायला तयार! हे खूळ डोक्यात कुठून आलं आणि शेवटी त्याचं काय झालं, ते आज सांगतो. मधे थोडं गणित आहे. घाबरू नका, आठवीचं आहे.

आधी ते खूळ. जानेवारीतली गोष्ट. मी, आई आणि पप्पा पुण्याहून गावाकडे निघालो होतो. कराड सोडलं की आमच्या गावाकडे जाणारा रस्ता दुपदरी आहे. संध्याकाळ उलटून गेलेली, आणि कारखान्याचा सीझन. तिकडचे असाल तर पुढचं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आलंच असेल. पुढे ट्रॅक्टर, त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर नावालाही नाही, आणि टेपवर गाणी एवढी मोठ्यानं की हॉर्न मारून उपयोग शून्य.

मी बराच वेळ मागे रांगलो. मग समोर मोकळं दिसलं तसा उजवीकडे घेतला आणि पाय दाबला. गाडी आमची जुनी, साध्या १.२ पेट्रोलची. गिअर चौथा. ती नुसती थरथरली. दुसऱ्या ट्रॉलीपाशी पोचलो आणि समोर वळणावर एसटीचे दिवे दिसले. पाय तळाला टेकलाय, गाडी आवाज करतेय, पण वेग काही वाढत नाही. एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारून गाडी साइडपट्टीवर उतरवली, म्हणून मी आज हा भाग रेकॉर्ड करतोय. साधं सरळ तेवढंच.

आई मागे बसून काही बोलली नाही. पप्पाही काही बोलले नाहीत. घरी पोचल्यावर आईनं पाणी दिलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी दिवसा ये." बास.

त्या रात्री मी काय केलं असेल? झोप येईना, म्हणून मोबाइलवर गाड्या बघत बसलो. डोक्यात एकच वाक्य : आपल्या गाडीत दम नाही. आपल्याला पॉवर पाहिजे. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढची सगळी धावपळ मी याच वाक्यावर केली, आणि ते तपासून बघायचं मला सुचलंच नाही. रोज ऑफिसात दुसऱ्याच्या बगचा रूट कॉज शोधतो, आणि स्वतःच्या बगला पहिल्या अंदाजावर क्लोज करून टाकलं!

तर आता गाड्या. आपल्याकडे एवढ्या छोट्या टर्बो गाड्या का आल्या, हे माहितीय का? यात इंजिनिअरिंग आहे, पण मोठा वाटा कराचा आहे. गाडीची लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत असेल, तर ती 'छोटी गाडी' धरली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे, आणि त्यापेक्षा मोठ्या गाडीवर ४० टक्के. आता सीसी वाढवता येत नाहीत, गाडी तर एसयूव्हीसारखी उंच आणि जड हवी. मग करायचं काय? त्याच छोट्या इंजिनात हवा दाबून भरायची. तोच टर्बो.

आणि यातल्या बऱ्याच गाड्या आपल्या महाराष्ट्रातच बनतात, हे मला नव्यानं कळलं. टाटाची नेक्सॉन रांजणगावात, महिंद्राची थ्रीएक्सओ नाशकात, आणि मी जिच्यावर नजर ठेवून होतो ती स्कोडाची कायलॅक आपल्या चाकणमध्ये. कायलॅकची लांबी ३,९९५ मिलिमीटर. चार मीटरला फक्त ५ मिलिमीटर कमी! इंजिन ९९९ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो, ११५ पीएस पॉवर आणि १७८ न्यूटन मीटर टॉर्क. मला मॅन्युअल हवी होती, सहा गिअरवाली.

कागदावर हे बरं वाटलं, पण माझं समाधान होईना. मग रिमॅपच्या व्हिडिओंमध्ये घुसलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : गाडीच्या इंजिनाला एक कॉम्प्युटर असतो, ईसीयू. किती पेट्रोल फवारायचं, ठिणगी कधी टाकायची, टर्बोनं किती दाब द्यायचा, हे सगळं त्यातल्या तक्त्यांमध्ये लिहिलेलं असतं. रिमॅप म्हणजे ते तक्ते बदलून नवीन फाइल टाकायची. एकही पार्ट न बदलता केलं, तर त्याला 'स्टेज वन' म्हणतात. मी एका ट्यूनरला फोन केला. नाव सांगत नाही, माणूस बोलायला चांगला होता. त्यानं आकडा दिला : ११५ चे १३८ पीएस, १७८ चे २२५ न्यूटन मीटर, ३५ हजार रुपये, दोन तासांचं काम. वॉरंटीचं विचारलं तर म्हणाला, "सर, सर्व्हिसिंगच्या आधी या, जुनी फाइल परत टाकून देतो. कुणाला कळणार पण नाही."

मी खूश. सॉफ्टवेअरवाल्याला सॉफ्टवेअरनं पॉवर वाढते म्हटल्यावर अजून काय पाहिजे?

आता टेस्ट ड्राइव्ह. पप्पांना बरोबर घेतलं. पप्पांची ओळख करून द्यायला हवी, कारण हा भाग अर्धा त्यांचा आहे. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, रिटायर होईपर्यंत. लेलँड आणि टाटाची इंजिनं त्यांनी इतक्यांदा उघडलीत की आवाजावरून सांगतात, कुठला इंजेक्टर कुरकुरतोय. पण टर्बो पेट्रोल कार त्यांनी कधी चालवली नव्हती.

शोरूममधल्या पोराला मी आधीच सांगून ठेवलं होतं की मला सोसायटीभोवती प्रदक्षिणा घालायची नाही, घाट पाहिजे. वार मंगळवार, सकाळची वेळ, गर्दी नव्हती, तो तयार झाला. चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलो, भूगाव, भुकूम, आणि पिरंगुटचा घाट. छोटाच आहे, पण चढ आहे, वळणं आहेत. टेस्टला पुरेसा.

पहिलं इम्प्रेशन सांगतो. तीन सिलिंडरची थोडी थरथर उभ्या गाडीत जाणवते, चालायला लागली की विसरायला होते. स्टिअरिंग हलकं आहे, पण वेग वाढला की हाताला भरवसा येतो. सस्पेन्शन जरा कडक, खड्ड्यात खालून आवाज येतो, पण वळणात गाडी झुलत नाही. क्लच हलका. पप्पांनी मागच्या सीटवर बसून आधी गुडघ्यांना जागा किती ते बघितलं, मग खाली उतरून मागच्या चाकात डोकावले.

"मागं ड्रम हाय व्हय?"

सेल्समन जरा वरमला. "हो काका, पुढे डिस्क आहे, मागे ड्रम."

"वाईट न्हाई. आपलं इचारलं."

मला मात्र टर्बोचा 'धक्का' अनुभवायचा होता. भुकूमच्या पुढे एक सरळ, रिकामा तुकडा मिळाला. वेग ४०, गिअर चौथा, आणि पाय पूर्ण दाबला. जानेवारीत केलं होतं अगदी तसंच.

आणि काय झालं? काहीच नाही. गाडी नुसती गुरगुरली. एक, दोन... मग हळूहळू कुठूनतरी जोर आला आणि गाडी निघाली. पप्पा मागे मनगटावरचं घड्याळ बघत होते. ४० वरून ७० ला पोचायला साधारण नऊ सेकंद. माझा चेहरा पडला. ११५ पीएसची गाडी, नावात टर्बो, आणि ही तर आमच्या जुन्या गाडीसारखीच वागतेय!

मागून पप्पा म्हणाले, "दुसऱ्यात टाक की."

परत फिरून आलो. वेग ४०, गिअर दुसरा, पाय दाबला. गाडी उडी मारल्यासारखी निघाली. सेल्समननं वरचं हँडल धरलं. चार सेकंदांच्या आसपास ७०. तीच गाडी, तोच रस्ता, तेच तीन-चार जणांचं वजन, आणि वेळ निम्म्याहून कमी.

तिथे माझी ट्यूब पेटली. घरी येऊन कागद घेतला. आता ते आठवीचं गणित.

टॉर्क म्हणजे इंजिन एका फेऱ्यात किती जोरानं पिळतं. पॉवर म्हणजे तो पिळ किती वेगानं देतं. सूत्र सोपं आहे : न्यूटन मीटरला आरपीएमनं गुणायचं आणि ९,५४९ नं भागायचं, किलोवॅट मिळतात. या इंजिनाचा १७८ न्यूटन मीटर टॉर्क १,७५० आरपीएमपासून ४,००० पर्यंत सपाट मिळतो, असं कंपनी सांगते. चांगली गोष्ट आहे. पण १,७५० ला त्या १७८ ची पॉवर होते सुमारे ३३ किलोवॅट, म्हणजे ४४ पीएस. आणि ४,००० ला त्याच १७८ ची होते ७५ किलोवॅटच्या जवळ, म्हणजे १०१ पीएस.

परत सांगतो. ब्रोशरवर ११५ लिहिलंय. पण चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला इंजिन साधारण १,३०० आरपीएमवर असतं. तिथे ४४ पीएससुद्धा नसतात, कारण टर्बो अजून जागाच झालेला नाही. मी ११५ पीएसच्या गाडीत बसून चाळीसच्या आतल्या पीएसनं ओव्हरटेक करायला निघालो होतो! दुसऱ्या गिअरमध्ये तेच इंजिन अडीच हजारावर सुरू होतं आणि चार हजारापर्यंत चढतं. म्हणजे गिअरच्या दांड्यानं पॉवर दुपटीपेक्षा जास्त वाढते. रिमॅपवाला ३५ हजारांत २० टक्के देत होता.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, पण रिमॅपनं चौथ्यातही फरक पडेलच ना? पडेल, पण मधल्या आरपीएमला. तळाला नाही. कारण टर्बो फिरतो कशावर, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर. इंजिन हळू फिरतंय म्हणजे धूर कमी, धूर कमी म्हणजे टर्बोचा पंखा हळू, पंखा हळू म्हणजे हवेचा दाब नाही, दाब नाही म्हणून परत धूर कमी. या चक्रातून बाहेर यायला जो वेळ लागतो तो लॅग. फाइलमध्ये तुम्ही 'जास्त दाब दे' लिहाल, पण पंखा फिरवायला धूरच नसेल तर तो देणार कुठून? टर्बो तोच, त्याचा आकार तोच. म्हणजे जानेवारीत मला ज्या दोन सेकंदांची गरज होती, तिथे रिमॅप जवळजवळ काहीच करणार नव्हता.

आणि दोन सेकंद म्हणजे किती, तेही बघा. ढोबळ हिशोब. ट्रॅक्टर ताशी ३० नं चाललाय, तुम्ही ६० नं ओलांडताय. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या धरा १८ मीटर, तुमची गाडी ४ मीटर, मागे-पुढे १५-१५ मीटर अंतर. एकूण ५२ मीटर जास्तीचे कापायचे. वेगातला फरक सेकंदाला सव्वाआठ मीटर, म्हणजे सहा सेकंदांहून थोडा जास्त वेळ. तेवढ्यात तुम्ही स्वतः १०४ मीटर पुढे जाता. समोरची एसटीही ६० नं येत असेल तर तीही १०४ मीटर येते. म्हणजे २०८ मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे, आणि तोही तुम्ही आधीच ६० ला असाल तर. चुकीच्या गिअरमुळे दोन सेकंद गेले, की एसटी अजून ३३ मीटर जवळ आलेली असते. रात्री वळणावर २०८ मीटर दिसतात का? मला त्या दिवशी दिसत नव्हते. मग बग कुठे होता? इंजिनात नव्हता. दोन ठिकाणी होता : गिअरच्या दांड्यावर असलेल्या डाव्या हातात, आणि 'बसेल, बसेल' म्हणणाऱ्या डोक्यात.

हे मान्य करायला मला दोन दिवस लागले, खोटं कशाला बोलू.

तरी रिमॅपचं भूत लगेच उतरलं नाही. मी पप्पांना सगळं समजावून सांगितलं. ईसीयू म्हणजे काय, फाइल म्हणजे काय, युरोपात हेच एक लिटरचं टीएसआय इंजिन २०० न्यूटन मीटरनं विकलं गेलंय, म्हणजे पार्टमध्ये ताकद आहेच. ट्यूनर हा मुद्दा नेहमी देतात, आणि तो खोटा नाही. पप्पांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी पंप वाढवायचा."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. जुन्या डिझेल गाड्यांना फ्युएल पंप असतो. इंजिनाला जास्तीत जास्त किती डिझेल जाणार, हे त्यावरच्या एका स्क्रूनं ठरतं. तो स्क्रू कंपनीनं सेट करून वर तार घालून शिशाचं सील मारलेलं असतं. ट्रकवाले गॅरेजमध्ये येऊन सांगायचे, "मिस्त्री, पंप वाढवा, घाटात वढत न्हाई." मिस्त्री सील तोडायचा, स्क्रू फिरवायचा. गाडी ओढायची, खरंच ओढायची! मागे काळा धूर. सहा महिने ड्रायव्हर खूश. मग कधी हेड गॅसकिट, कधी पिस्टन. "आणि पिस्टन गेला की सगळ्यात आधी आम्ही काय बघायचो? सील."

मी म्हटलं, "पप्पा, पण कंपनी मुद्दाम कमी सेट करते ना?"

"करती की. तुझ्यासारखा मंगळवारी सकाळी एकटा चालवणारा डोळ्यापुढं ठेवून न्हाई करत."

आणि हे सॉफ्टवेअरवाल्याला बरोबर लागतं. आपण कोड लिहितो तेव्हा सगळं नीट चाललं तर काय, हे सोपं असतं. त्याला आपण 'हॅपी पाथ' म्हणतो. खरं काम एज केसेसचं. कंपनीची फाइल कशासाठी लिहिलेली असते? मे महिन्यात चंद्रपूरला ४५ अंशांत, पाच माणसं आणि डिकी भरून, एसी चालू, एअर फिल्टर धुळीनं भरलेला, कुठल्यातरी पंपावरचं यथातथा पेट्रोल, आणि चढावर चुकीच्या गिअरमध्ये पाय दाबणारा माझ्यासारखा ड्रायव्हर. हे सगळं एकाच वेळी झालं तरी इंजिन वाचलं पाहिजे. त्यासाठी जी जागा राखून ठेवलेली असते, तीच ट्यूनर 'कंपनीनं लपवलेली पॉवर' म्हणून आपल्याला विकतो.

ती जागा संपली तर काय होतं? छोट्या, थेट पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जास्त दाब दिला, की कधी कधी सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटतं. पिस्टन वर येत असतो आणि वरून स्फोटाचा हातोडा बसतो. नॉकिंग थोडं असेल तर सेन्सर ओळखतो आणि ठिणगी मागे घेतो. पण हा प्रकार जोरात झाला तर एका तडाख्यात पिस्टन फुटू शकतो. आणि बघा, तो होतो कुठे? कमी आरपीएमला पाय दाबल्यावर. म्हणजे माझी जी वाईट सवय, तिथेच.

पेट्रोलचंही बघायला हवं. आता पंपावर ई-ट्वेंटी आहे, २० टक्के इथेनॉल. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे नॉकिंगला ते चांगलं, पण एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. म्हणजे फाइल ज्या पेट्रोलसाठी लिहिली असेल तेच टाकीत पाहिजे. बाहेरच्या देशातल्या ९८ ऑक्टेनची फाइल आणून गावाकडच्या पंपावर भरत बसलात, तर ती फाइल तुमच्यासाठी लिहिलेलीच नाही. आणि जास्तीचा टॉर्क फक्त इंजिन सोसत नाही. क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट सगळ्यांना सोसावा लागतो. पहिला बळी बऱ्याचदा क्लचचा जातो.

आणि ते 'कुणाला कळणार नाही' प्रकरण. आजकालच्या बऱ्याच ईसीयूमध्ये किती वेळा फाइल लिहिली गेली, याची नोंद राहते. जुनी फाइल परत टाकली तरी ती अजून एक लिहिण्याची नोंद झाली. आपल्या भाषेत, कोड रिव्हर्ट केला तरी कमिट हिस्टरी राहतेच. पप्पांच्या भाषेत, सील. वॉरंटीत इंजिन उघडायची वेळ आली, की आधी तेच बघितलं जाणार.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीत असलेला कंपनीचा मूळ तपशील बदलेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. फाइल रस्त्यावरच्या पोलिसाला दिसत नाही, हे खरं. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मात्र पेठेतल्या आजीलाही ऐकू येतो.

पण मला थांबवलं ते पोलिसानं नाही, आमच्या विमा एजंटनं. त्याला फोन करून सरळ विचारलं, "काका, रिमॅप केला तर?" तो म्हणाला, "आधी लेखी कळवायचं, मग कंपनी काय म्हणते ते बघू." मी विचारलं, "आणि नाही कळवलं तर?" तो हसला. "मग अपघात होऊ देऊ नका." न कळवता केलेला बदल हे दावा नाकारायचं कारण होऊ शकतं. मी परत जानेवारीतल्या त्या वळणावर गेलो. समजा एसटीवाल्यानं गाडी खाली घेतली नसती. समजा गाडीत रिमॅप असता. आई मागच्या सीटवर. सर्व्हेअर गाडी बघायला आला, आणि मी, ज्यानं हे लपवायचं आधीच ठरवलं होतं, त्याच्यासमोर उभा. त्या फोननंतर मी ट्यूनरला मेसेज केला की सध्या नको.

आता कुणी म्हणेल, हा मॉडिफिकेशनच्या विरोधात बोलतोय. अजिबात नाही. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर ज्याला गाडी पळवायची आहे, वॉरंटी संपलीय, पिस्टन गेला तर खर्च करायची तयारी आहे, डायनोवर आधी-नंतरचे आकडे घेणारा ट्यूनर आहे, त्यानं जरूर करावं. पण ट्रॅकची गाडी वेगळी, आणि आईला गावाला नेणारी गाडी वेगळी. माझ्याकडे गाडी एकच असणार आहे.

तुम्हीही अशाच वळणावर असाल, तर माझ्या अनुभवातून चार गोष्टी.

एक, टेस्ट ड्राइव्हला ४० च्या वेगाला चौथ्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून बघा. रस्ता रिकामा बघून, सेल्समनला सांगून. ऑटोमॅटिक असेल तर नेहमीच्या मोडमध्ये पाय दाबल्यावर गिअर खाली पडायला किती वेळ लागतो ते मोजा. ब्रोशरवरच्या पीएसपेक्षा हा आकडा तुमच्या रोजच्या कामाचा.

दोन, भरलेली गाडी चालवा. एकटे जाऊ नका, घरचे दोघंतिघं घेऊन जा. छोट्या टर्बोत माणसं वाढली की फरक लगेच कळतो.

तीन, खरंच जास्त पॉवर हवी असेल तर कारखान्यातूनच घ्या. थ्रीएक्सओचं थेट फवारणीवालं टर्बो पेट्रोल १३० पीएस आणि २३० न्यूटन मीटर देतं. म्हणजे माझ्या रिमॅपच्या टॉर्कपेक्षा जास्त, आणि वॉरंटीसकट. हे माझ्या डोक्यात आधी का आलं नाही, देव जाणे. मी तीही चालवून बघितली. जोर भरपूर आहे, मजा आली. पण मला स्टिअरिंग आणि गिअरबॉक्स कायलॅकचा जास्त आवडला, आणि पॉवर हा माझा प्रश्नच नव्हता, हे तोपर्यंत कळलं होतं.

चार, काही बदलायचंच असेल तर थांबवणाऱ्या आणि धरून ठेवणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करा. पहिले टायर झिजले की कंपनीनं दिलेल्याच मापात चांगले टायर, वेळच्या वेळी ब्रेक ऑइल, आणि टायरमधली हवा बरोबर. यात काही चोरून करावं लागत नाही.

तर मी काय केलं? कायलॅक बुक केली. मॅन्युअल, शोरूममधून येईल तशी. ते ३५ हजार अजून खात्यात आहेत. त्यातले काही वाढीव वॉरंटीला जातील, काही एका दिवसाच्या ड्रायव्हिंगच्या कोर्सला, जिथे रिकाम्या मैदानात जोरात ब्रेक मारून आणि गाडी घसरवून शिकवतात. डायनोचे व्हिडिओ मी अजूनही बघतो. वॉरंटी संपल्यावर परत खूळ येणार नाही, असं छातीठोकपणे सांगत नाही. पण तेव्हा केलं तर विमा कंपनीला कळवून करेन.

आणि एक शेवटचं. मागच्या शनिवारी जुन्याच गाडीनं गावाला गेलो, दिवसा, आईनं सांगितलं तसं. परत तोच रस्ता, परत पुढे ट्रॅक्टर. आता सीझन संपत आलाय, एकच ट्रॉली होती. मी मागे थांबलो. समोर लांबपर्यंत दिसेना, म्हणून थांबूनच राहिलो. मग एक सरळ पट्टा आला, दुसरा गिअर टाकला, आणि तीच आमची जुनी, 'दम नसलेली' गाडी ट्रॉलीच्या पुढे निघून गेली. पप्पा शेजारी होते. ते म्हणाले, "आता तिसरा टाक, वरडाय लागलीय ती."

चला. तुमच्या गाडीचा जोर किती आरपीएमला येतो, हे या आठवड्यात एकदा बघा, आणि खाली कमेंटमध्ये गाडीचं नाव आणि आकडा लिहा. रिमॅप केलेले कुणी असाल तर तुम्हीही लिहा, खरे अनुभव, चांगले-वाईट दोन्ही. पुढच्या भागात वाचून दाखवतो. आणि गावाकडे ट्रॅक्टरवाले मित्र असतील तर त्यांना हा भाग पाठवा, म्हणावं ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लाव बाबा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सावकाश या.